सव्वातास आणि माझा डावा हात

आमच्या नातीला घरात सव्वातास म्हणतात. कागदोपत्री तिला वेगळं नाव आहे, चांगलं आहे, मीच सुचवलेलं आहे, पण ते आता फक्त हजेरीपटाला माहीत. सव्वातास म्हणायचं कारण एवढंच, की जिथं जायचं तिथं ती सव्वा तास आधी पोचते. दातांच्या डॉक्टरांनी दहाची वेळ दिली तर ही पावणेनऊला बंद दारापाशी उभी. एकदा झाडूवाल्या बाईनं येऊन तिलाच विचारलं, "किल्ली तुमच्याकडे असते का?"

गंमत अशी, की जन्माला यायला मात्र तिनं बारा दिवस उशीर केला. माझं मत, बाहेर सगळं ठीक आहे ना, हे ती आतून तपासत असावी.

घराबाहेर पडताना ती गॅस तीनदा बघते, नळ दोनदा, कुलूप ओढून एकदा आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येऊन पुन्हा एकदा. दुपारी मी आडवा झालो की मलाही तपासते.

"आबा, झोपलात का?"

"झोपलो होतो."

"हां, मग ठीक आहे," असं म्हणून ती निघून जाते, आणि मी छताकडे बघत पडतो.

आता हे सगळं आभाळातून पडलं असं समजू नका. आडात होतं तेच पोहऱ्यात आलं. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, लिफ्टदुरुस्तीचं काम करतो. सातव्या मजल्यावर दोरावर लोंबकळणारा माणूस, पण मनातलं एक अक्षर बाहेर येईल तर शपथ. काहीही विचारा, उत्तर ठरलेलं: "काही नाही. होईल सगळं." असं म्हणत म्हणत त्यानं आम्लपित्ताच्या गोळ्यांची अख्खी बरणी संपवलेली असते. तिची आई, आमची सूनबाई, घरी शिवणकाम करते. तिचं प्रत्येक वाक्य 'समजा'नं सुरू होतं. समजा बस चुकली. समजा बस मिळाली, पण बंद पडली. समजा बंद नाही पडली, पण ड्रायव्हरच पडला. संकटं ती आधीच भोगून ठेवते, म्हणजे प्रत्यक्ष आली की शिळी वाटतात. अशा दोघांची ही एकुलती एक मुलगी. तिनं काळजी केली नसती तर मला काळजी वाटली असती.

या मुलीनं शिकायला काय घ्यावं? रक्त तपासणीचा अभ्यासक्रम. लोकांच्या शिरेत सुई घालायची, रक्त काढायचं, नळ्यांत भरायचं आणि यंत्राखाली बघून सांगायचं की आत काय बिघडलंय. सूनबाई म्हणाली, "समजा चुकून..." आणि पुढचं वाक्य तिनं स्वतःच गिळलं, एवढं ते भयंकर होतं.

पण पोरगी हुशार निघाली. सूक्ष्मदर्शकापाशी बसली की तिला जेवणाची शुद्ध राहत नसे. नळीवर चिठ्ठी लावायची तर ती नाव तीनदा वाचायची, आणि त्या धंद्यात म्हणे तीनदा वाचणाराच शहाणा. जी खोड घरात सगळ्यांच्या डोक्याला ताप होती, तिला तिथं गुण मिळत होते. कॉलेजात सरावासाठी एक रबरी हात होता. त्यावर ती आंधळी कोशिंबीर खेळल्यासारखी डोळे मिटून शीर शोधायची. घोडं पेंड खायचं ते जिवंत माणसापाशी. रबराला दुखत नाही. माणसाला दुखतं, आणि त्याला दुखेल या विचारानंच हिची बोटं थरथरायची.

पहिल्या प्रात्यक्षिक परीक्षेत तिच्यासमोर वर्गमैत्रीण हात पुढं करून बसली होती. पट्टा बांधला, बोळा फिरवला, सुई उचलली, आणि तेवढ्यात परीक्षक खोकले. झालं. तिनं सुई ट्रेमध्ये ठेवली, मैत्रिणीच्या हाताला 'सॉरी' म्हणाली (मैत्रिणीला नाही, हाताला) आणि दार उघडून चालू लागली. तीन कोस चालत घरी आली. आयुष्यात पहिल्यांदाच ती कुठून तरी वेळेआधी परतली होती.

कॉलेजचा नियम असा, की फेरपरीक्षा एकदाच. तीही चार महिन्यांनी. त्यात नापास झालं की नाव कमी. दोन वर्षांचा अभ्यास, सूक्ष्मदर्शक, चिठ्ठ्या, सगळं पाण्यात. घरात कुणी हे मोठ्यानं बोललं नाही, पण लिफ्टवाल्याच्या गोळ्यांची बरणी महिन्यात दोनदा आली, त्यावरून मी काय ते समजलो.

कॉलेजात समुपदेशक बाई होत्या. अशा घाबरणाऱ्या मुलांसाठीच त्यांची नेमणूक. त्यांनी हिच्याकडून साठ प्रश्नांचा कागद भरून घेतला. तुम्हाला माणसांत मिसळायला आवडतं का? तुम्ही वस्तू जागच्या जागी ठेवता का? लहानशा गोष्टीनं मन अस्वस्थ होतं का? त्यावरून म्हणे माणसाचा स्वभाव पाच कप्प्यांत मोजता येतो. आमच्या वेळी गुरुजी दोनच कप्पे ठेवायचे, शहाणा आणि गाढव, आणि काम भागायचं. असो. हिचा निकाल आला. काळजीच्या कप्प्यात सगळ्या कॉलेजात पहिली. टापटिपीच्या कप्प्यातही पहिली.

"दुसरी कोण आली?" हिनं विचारलं.

"अगं, यात नंबर नसतात," बाई म्हणाल्या.

"पण समजा असते तर?"

बाईंनी आम्हा सगळ्यांनाही एकदा बोलावून घेतलं. बाई चांगल्या होत्या, शांत बोलायच्या. म्हणाल्या, "भीती वाटणं हा गुन्हा नाही. भीती दाबू नका. दाबली की ती दुसरीकडून डोकं काढते. तिला नाव द्या, तिच्याविषयी बोला. प्रत्येकाची तिला हाताळायची आपली आपली रीत असते. कुणी गिळून टाकतं, कुणी आधीच रंगवून बघतं, कुणी हसण्यावारी नेतं. मुलीला तिची रीत सापडू द्या. आणि घरातलं वातावरण नेहमीसारखं ठेवा."

आम्ही माना डोलावल्या. आणि घरी येऊन बरोब्बर उलटं केलं.

आमच्या घरचं नेहमीचं वातावरण म्हणजे भांड्याला भांडं. सूनबाईचं मशीन, माझं तोंड आणि रेडिओ, तिन्ही एकदम चालू. ते 'नेहमीसारखं' ठेवलं तर पोरीचं काय होईल, या धास्तीनं माझ्या मुलानं ठरवलं, की शांतता हेच आता नेहमीचं. कॉलेजातून आलेला कसलातरी कागद त्याच्या खिशात होता. तो उलटा करून पाठकोऱ्या बाजूवर त्यानं यादी लिहिली आणि फ्रिजवर चिकटवली. मथळा: 'घरात न वापरायचे शब्द.' खाली: परीक्षा. सुई. निकाल. मागच्या वेळी. रक्त. नापास. आणि शेवटी, वेगळ्या शाईनं: 'बाबांच्या गोष्टी.'

"माझ्या गोष्टींनी काय घोडं मारलंय?"

"बाबा, तुमची प्रत्येक गोष्ट शाळेत सुरू होते आणि परीक्षेत संपते."

"मग काय लग्नात संपवू?"

"बाबा, चार महिने. पोरीसाठी."

पोरीसाठी म्हटल्यावर माझं तोंड बंद. तशी पळवाट मी शोधलीच, ती पुढं सांगतो.

मग घरात जो काही संवाद सुरू झाला, तो ऐकायला तिकीट लावलं असतं तर खपलं असतं. सूनबाईला मशीनसाठी सुई हवी असायची. "अहो, ती... टोकदार द्या ना." रेडिओवर कुणी 'निकाल' म्हटलं की माझा मुलगा झडप घालून बटण फिरवायचा. सगळे वाक्याच्या मध्येच थांबायचे आणि एकमेकांकडे बघायचे. आणि पोरगी? ती बिचारी फ्रिज उघडायला गेली की यादी वाचायची. दिवसातून वीस वेळा. जे शब्द तिला ऐकू येऊ नयेत म्हणून एवढा खटाटोप, ते तिला पाणी प्यायचं झालं तरी भेटत होते.

आता पळवाट. फेरपरीक्षेला वर्गमैत्रीण चालत नाही. विद्यार्थ्यानं आपला माणूस स्वतः आणायचा, डॉक्टरच्या दाखल्यासह. मुलाचं नाव द्यावं तर त्याच्या शिरा दोरखंडासारख्या, पण त्याचा चेहरा बघून कुणाचीही बोटं थरथरली असती. सूनबाई म्हणाली, "समजा मीच चक्कर येऊन पडले." राहिलो मी. डॉक्टरांनी माझा डावा हात वरखाली करून दाखला दिला, आणि मी घरभर ऐकवलं, "या वयात माझ्या हाताला प्रमाणपत्र मिळालंय. तुमच्याकडे आहे?"

रोज संध्याकाळी गॅलरीत ती माझ्या दंडाला रबरी पट्टा बांधायची आणि बोटानं शीर शोधायची. घरी सुई नाहीच, नुसता शोध. गॅलरीत फ्रिज नव्हता, त्यामुळं यादीही लागू नव्हती, असा मी कायदा काढला. दबक्या आवाजात मी तिला गोष्टी सांगायचो. तिची आवडती एकच, तपासनिसाची.

आमच्या शाळेला एकच खोली. तपासनीस साहेब येणार म्हटलं की गुरुजी आठवडाभर आधी पांढरे पडायचे. त्या दिवशी साहेब आले, खुर्चीवर बसले, हजेरीपट उघडला, आणि त्यातून पाल निघाली. साहेब एका उडीत खुर्चीवर उभे. गुरुजींना पाल दिसलीच नाही. त्यांना वाटलं, तपासणीची नवी पद्धत निघाली असेल. ते स्टुलावर चढले. मग आम्ही चाळीस पोरांनी मागं राहून कसं चालेल? पण आम्हाला बाकं कुठली? आम्ही आपापल्या पाटीवर उभे राहिलो. बारा पाट्या फुटल्या. तरी कुणी हललं नाही. साहेबांनी जाताना शेरा लिहिला, 'विद्यार्थ्यांत शिस्त उत्तम.'

ती हसायची आणि हसता हसता शीर अचूक दाबायची. "ही बघा, सापडली." चार महिने असंच.

परीक्षेचा दिवस उजाडला. घरात सगळे इतके सहज वागत होते की अंगावर काटा यावा. मुलानं दारात सांगितलं, "ये जाऊन. म्हणजे... बाजारात." सूनबाईनं तिच्या हातात कापडी पिशवी दिली, "येताना दोन किलो कांदे आण." आणि मुलानं मला बाजूला घेऊन बजावलं, "बाबा, तिथं एक शब्द बोलायचा नाही. तिचं लक्ष विचलित होईल. वचन द्या." मी दिलं.

साडेअकराची वेळ. आम्ही सव्वादहाला पोचलो. दाराला कुलूप. बाकावर बसलो, ती, मी आणि कांद्याची पिशवी.

"आबा, बरं वाटतंय ना?"

"हं."

"पाणी हवंय?"

"उंहूं."

तिनं माझं मनगट धरून नाडी मोजली. "आबा, तुम्ही इतके गप्प कधी बसला होतात हो?"

मी आठवून बघितलं. कधीच नाही. पण सांगणार कसं, वचन दिलेलं.

दार उघडलं. चार टेबलं, प्रत्येकावर ट्रे, भिंतीवर घड्याळ, खिडकीपाशी बाहेरून आलेल्या परीक्षक बाई, नाकावर चष्मा, हातात गुणपत्रक. मी खुर्चीच्या पट्टीवर डावा हात ठेवला. तिनं पट्टा बांधला, शीर शोधली, थंडगार बोळा फिरवला. मग तिनं टोपण काढलं, आणि मला सुई दिसली.

इथं एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आजवर मला पन्नासदा तरी टोचलं असेल. पण मी सुई कधी पाहिलीच नव्हती. दवाखान्यात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत मी डॉक्टरांना काहीतरी सांगत असतो, आणि त्या भरात ते टोचून मोकळे होतात. मला वाटायचं, आपण धीट. त्या दिवशी तोंड बंद होतं म्हणून डोळे उघडे राहिले. कळलं, की मी सुईला जाम घाबरतो, आणि जन्मभर गोष्टींच्या आड लपत आलोय. समुपदेशक बाईंनी सांगितलेल्या रीतींतली तिसरी, हसण्यावारी नेण्याची, ती माझीच होती. मी आपला तिथं बसून दुसऱ्यांकडे बघत माना डोलावत होतो.

हात थरथरू लागला. समोर तिची सुई हवेत बारीक बारीक गोल काढत होती. दोन्ही हलत होतं, पण एकाच वेळी एकाच दिशेनं हललं असतं तर काम तरी झालं असतं.

"आबा," ती कुजबुजली, "काहीतरी बोला ना."

"बंदी आहे."

"कुणाची?"

"तुझ्या बापाची. वचन दिलंय."

"मी सोडवते वचनातून. बोला."

मी तोंड उघडलं. आणि काय सांगू, ज्या तोंडानं उभ्या आयुष्यात विश्रांती घेतली नाही, त्यातून एक शब्द येईना. सगळ्या गोष्टी गायब. शाळाच गायब.

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. "आबा, तुम्हाला भीती वाटतेय?"

"छे."

"आबा."

"थोडी. म्हणजे... पुष्कळ."

"मलापण," ती म्हणाली.

परीक्षक बाईंनी पेन उचललं आणि काहीतरी लिहिलं. पोरीनं सुई ट्रेमध्ये ठेवली. मागच्या वेळीही ती आधी सुईच ठेवून गेली होती. मी दाराकडे बघितलं. पण ती दाराकडे गेली नाही. तिनं पट्टा सैल केला, माझा हात दोन्ही हातांत धरला, म्हणाली, "मूठ सोडा. मोठा श्वास घ्या. घाई नाही." मग पट्टा पुन्हा बांधला, पुन्हा बोळा फिरवला, नवी सुई घेतली आणि बोलायला लागली.

"एका शाळेत एकदा तपासनीस आले. त्यांनी हजेरीपट उघडला, तर आतून झुरळ निघालं."

"पाल," मी म्हणालो.

"झुरळ. मग साहेब चढले खुर्चीवर, गुरुजी चढले स्टुलावर, आणि सगळी मुलं चढली बाकांवर."

"बाकं? आमच्या शाळेत बाकं? अगं, पाट्या! पाटीवर उभे राहिलो आम्ही!"

"हां, पाट्या. त्यातल्या सात फुटल्या."

"बारा! सात काय सात? शपथेवर सांगतो, बारा फुटल्या! त्यातली एक माझी होती, दोन महिने मी दगडावर..."

"झालं आबा. बोळा दाबून धरा."

बघतो तो ट्रेमध्ये दोन नळ्या, एक लाल झाकणाची, एक जांभळ्या. भरलेल्या. ती चिठ्ठीवरचं माझं नाव वाचत होती. तिसऱ्यांदा.

परीक्षक बाई उठून आल्या. दोन्ही नळ्या उजेडात धरून बघितल्या, माझा हात बघितला. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत गंभीरपणे विचारलं, "आणि तपासनिसांनी शेरा काय लिहिला?"

मी सांगितला. बाई हसल्या नाहीत, पण चष्मा काढून पुसला.

परतताना मी विचारलं, "झुरळ मुद्दाम म्हणालीस ना?"

"नाही हो. 'झुरळ' घाबरून तोंडातून निघून गेलं. पण तुम्ही चिडलात आणि तुमचा हात एकदम थांबला. तुमचा थांबला म्हणून माझाही थांबला. बाकं मग मुद्दाम."

वाटेत तिनं दोन किलो कांदे घेतले. घरी दारात दोघं उभेच. विचारायला शब्द नाहीत, सगळे फ्रिजवर. शेवटी मुलानं विचारलं, "कांदे... कसे मिळाले?"

"चांगले मिळाले, बाबा," ती म्हणाली, आणि तो सातव्या मजल्यावर लोंबकळणारा माणूस पायरीवर बसून ढसाढसा रडला. सूनबाई म्हणाली, "समजा मी चहा टाकला," आणि टाकायला गेली.

रडून झाल्यावर मुलानं यादी फाडायला घेतली. कागद उलटा झाला. ते परीक्षेच्या सूचनांचं पत्रक होतं. आठव्या ओळीत छापलं होतं: 'रुग्णाशी बोलणे व त्यास धीर देणे, गुण १०.' चार महिने आम्ही ते फ्रिजकडे तोंड करून चिकटवलं होतं. पुढं निकाल आला, ती पास झाली, आणि त्या कलमात तिला दहापैकी दहा मिळाले. गुणपत्रकात खाली परीक्षक बाईंचा शेरा: 'रुग्ण फार बोलतो.'

आता ती एका तपासणी केंद्रात नोकरी करते. केंद्र सातला उघडतं, ती पावणेसहाला पोचते. तिथं आधीच दोनतीन माणसं शटरपाशी उभी असतात, उपाशीपोटी तपासणीची, रात्रभर धास्तीनं झोप न लागलेली. ही जाऊन त्यांच्यात उभी राहते. आयुष्यात पहिल्यांदा तिला तिच्यासारखी माणसं भेटलीत. समुपदेशक बाईंनी वर्षानं पुन्हा तो साठ प्रश्नांचा कागद भरून घेतला. काळजीचे गुण दोनानं कमी झाले होते. ती दोन दिवस त्याच विचारात. "आबा, दोन कमी झाले. काही चुकलं तर नसेल ना माझं?"

परवा मी साखर तपासायला तिच्याकडे गेलो. बाहेर बसलेल्या एका मावशींनी मला निरखून बघितलं. "तुम्हीच का ते झुरळवाले आजोबा?"

"झुरळ?"

"मागच्या महिन्यात ऐकली आम्ही गोष्ट. पाच पाट्या फुटल्या म्हणे."

मी तावातावानं आत गेलो. खुर्चीत बसतानाच सुरुवात केली. पाच? सारं केंद्र माझ्या शाळेची बदनामी करतंय! झुरळ नव्हतं, पाल होती, आणि पाट्या बारा, बारा म्हणजे बारा...

"झालं आबा," ती म्हणाली. "बोळा दाबून धरा."